विश्लेषण : थार, जिम्नीला मोठे टायर बसवल्याने नेमके काय मिळते? उंची, वेग, ब्रेक आणि कायद्याचे गणित काय?

पावसाळा तोंडावर आला की ताम्हिणी, मुळशी, पवना, इगतपुरी या पट्ट्यातल्या चिखलवाटांवर फोर-बाय-फोर गाड्यांची गर्दी वाढते. त्याआधी गर्दी होते ती टायरच्या दुकानांत. महिंद्रा थार, मारुती जिम्नी, फोर्स गुरखा या गाड्यांचे मूळ टायर काढून मोठे, जाड नक्षीचे टायर बसवणे हा हौशी मालकांचा सर्वांत आवडता बदल आहे. गाडी रुबाबदार दिसते, यात वादच नाही. पण टायर म्हणजे सीट कव्हर किंवा फॉग लॅम्प नव्हे. इंजिनाची ताकद जमिनीवर उतरवणारा तो शेवटचा गिअर आहे. तो बदलला की गिअर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग या सगळ्यांची मूळ आकडेमोड बदलते. दुकानात चर्चा मात्र फक्त ‘लूक’ची होते.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

थारच्या १८ इंची रिमवर २५५/६५ आर १८ या आकाराचा टायर येतो. यातील २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. मात्र ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या टक्क्यांत असते. १८ हा रिमचा व्यास इंचांत. २५५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिमी. ही भिंत वर आणि खाली दोन्हीकडे असते म्हणून तिची दुप्पट, अधिक रिमचे ४५७ मिमी. टायरचा एकूण व्यास येतो ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच.

आता दुकानदार ज्याला ‘तेहतिशी’ म्हणतो तो २८५/७० आर १७ टायर घेऊ. त्याचा व्यास ८३१ मिमी भरतो. रिम एक इंचाने लहान, तरी टायर मोठा, कारण भिंत उंच झाली. दोन्हींतील फरक ४२ मिमी, म्हणजे ५.३ टक्के. पुढचे सगळे बरे-वाईट परिणाम याच ५.३ टक्क्यांतून निघतात.

जमिनीपासूनची उंची किती वाढते?

इथे पहिला भ्रमनिरास होतो. व्यास ४२ मिमीने वाढला तरी गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मीच, म्हणजे २१ मिमी. कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. थारची मूळ उंची २२६ मिमी आहे, ती २४७ च्या आसपास जाते. बोटाच्या एका पेराएवढी वाढ!

पण ही वाढ क्षुल्लक आहे असे म्हणणेही चुकीचे. थारच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगीर गोळा लोंबतो. जिम्नीत तर पुढे-मागे दोन्हीकडे असा ॲक्सल आहे. दगडावर सर्वांत आधी आपटतो तो हा गोळा. लिफ्ट किट बसवले की बॉडी आणि चासी वर जाते, पण डिफरन्शियल होते तिथेच राहते. त्याला वर उचलण्याचा सर्वसामान्य मार्ग एकच, मोठे टायर. म्हणून अनुभवी ऑफरोडर या २१ मिमीला किंमत देतात. दगडी ओढ्यात अडकणे आणि निसटणे यात कधी कधी तेवढेच अंतर असते.

चिखलात आणि दगडांत फायदा होतो का?

दगडांत नक्की होतो. मोठे चाक पायरीसारख्या अडथळ्यावर अधिक सहज चढते. पुढचा बंपर जमिनीला टेकण्याआधी गाडी किती तीव्र चढावर तोंड लावू शकते, तो कोनही सुधारतो. साइडवॉल उंच असल्यामुळे टायर दगडाभोवती वाकतो आणि रिम वाचते.

चिखलाचा मामला मात्र सरळ नाही. ‘रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त क्षेत्रफळ’ हा समज जवळपास सार्वत्रिक आहे, आणि तो अर्धवट आहे. एका चाकावर ४५० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३० पीएसआय हवा आहे असे समजू. ३० पीएसआय म्हणजे प्रति चौरस सेंटिमीटर २.१ किलो. भाराला दाबाने भागले की जमिनीला टेकलेले क्षेत्र येते सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर. दोन पोस्टकार्डे शेजारी ठेवली तर त्याहूनही कमी. या हिशेबात टायरची रुंदी कुठेच येत नाही! साइडवॉलच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण मुख्य खेळ भार आणि हवेचा आहे. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ठशाचा आकार बदलतो. तो आडवा रुंद आणि उभा आखूड होतो. क्षेत्रफळ फारसे वाढत नाही.

हवा १५ पीएसआयवर आणली तर? क्षेत्र जवळपास दुप्पट होते, तेही मूळ टायरवर आणि फुकटात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत येऊ.

शिवाय चिखल सगळीकडे सारखा नसतो. ज्या वाटेवर वर चार बोटे राड आणि खाली मुरूम किंवा कातळ असतो, तिथे अरुंद टायर राड कापून खालच्या टणक थराला भिडतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. याउलट खोल, तळ न लागणाऱ्या चिखलात किंवा वाळूत रुंद आणि मऊ टायर तरंगतो, अरुंद रुततो. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या काळ्या मातीत तिसराच प्रश्न येतो. ती नक्षीत घट्ट बसते आणि काही मिनिटांत टायरचा गुळगुळीत गोळा होतो. अशा वेळी टायरच्या आकारापेक्षा नक्षीतल्या मोकळ्या फटी महत्त्वाच्या. मड-टेरेन टायरमध्ये त्या मोठ्या असतात आणि चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. म्हणजे इथे हवा असतो टायरचा प्रकार, आणि घेतला जातो मोठा आकार.

स्पीडोमीटर चुकतो म्हणजे नेमके काय?

गाडीला आपला वेग थेट कळत नाही. चाक किती वेळा फिरले ते ती मोजते आणि मूळ टायरच्या परिघाने गुणते. थारचा मूळ टायर एका किलोमीटरला साधारण ४०४ फेरे घेतो, ‘तेहतिशी’ ३८३ च. चाक कमी फिरले म्हणून गाडी समजते की आपण कमी अंतर गेलो.

कागदावर काट्याचा १०० म्हणजे प्रत्यक्षात १०५. प्रत्यक्षात एवढा फरक दिसेलच असे नाही, कारण स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम क्रमांक ३९ नुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. जास्त दाखवला तर चालतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी या मर्यादेपर्यंत. मोठा टायर ही सुरक्षेची फट खाऊन टाकतो. टायरच्या व्यासातला बदल ३ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा जाणकारांचा अंगठेनियम याच्याशीही जोडलेला आहे. त्यापुढे गेले की काटा खऱ्या वेगाच्या खाली जाण्याची शक्यता वाढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १०० च्या मर्यादेत कॅमेऱ्याला दिसतो तो खरा वेग, काट्यावरचा नव्हे. मोबाइलमधल्या जीपीएस ॲपवर सपाट, सरळ रस्त्यावर हा फरक सहप्रवाशाला पाच मिनिटांत तपासता येतो.

ओडोमीटरला अशी राखीव फट सहसा नसते. तिथे चूक जवळपास पूर्ण उतरते. ओडोमीटरवर १०,००० किमी दिसतील तेव्हा गाडी १०,५३० किमी धावलेली असेल. सर्व्हिस उशिरा होते आणि पुढे जुनी गाडी घेणाऱ्याला कमी धावलेली गाडी मिळाल्याचा आनंद होतो.

मायलेजच्या तक्रारीतही निम्मी भानगड इथेच आहे. टाकीत ४० लिटर डिझेल भरले, ओडोमीटरवर ४४० किमी झाले, म्हणून मालक म्हणतो ११ चे मायलेज पडले. खरे अंतर ४६३ किमी असते आणि मायलेज ११.६. अर्थात घट खोटी नाही. जड टायर, नक्षीचे मोठे ठोकळे आणि हवेचा वाढलेला अडथळा इंधन खातातच. पण तुलना करायची तर अंतर दुरुस्त करून करावी.

पिकअप का मरते?

सायकलच्या पुढच्या चक्राला मोठे दातेरी चाक लावले तर सपाटीवर वेग मिळतो, पण चढावर पाय भरून येतात. इथे तेच होते. टायर ५.३ टक्के मोठा म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा ‘उंच’ होतो. चाकाकडून जमिनीवर मिळणारा जोर तेवढाच कमी होतो. ३०० न्यूटन-मीटर टॉर्कची डिझेल थार हे बऱ्यापैकी पचवते. १३४ न्यूटन-मीटरच्या जिम्नीला ते जाणवते. जिम्नीचा मूळ १९५/८० आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ लावला तर व्यास जवळपास ६ टक्के वाढतो, आणि घाटात एक गिअर खाली टाकावा लागतो. तिला २१५/७५ आर १५ लावला तर वाढ फक्त दीड टक्का आहे.

गंमत अशी की ज्यासाठी हे सगळे करायचे, त्या ऑफरोडिंगमध्येच हा तोटा जास्त बोचतो. फोर-एल गिअरमध्ये गाडी मुंगीच्या चालीने दगडांवरून न्यायची असते. मोठ्या टायरवर ती चाल थोडी वेगवान होते आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग तेवढेच सैल पडते.

वजनाचा भाग वेगळाच. ‘तेहतिशी’चा मजबूत बांधणीचा टायर एकेकटा २५ किलोच्या घरात जातो, मूळ टायरपेक्षा काही किलो जड. हे वजन गाडीत ठेवलेल्या सामानासारखे नसते. ते फिरते आणि तेही परिघावर, म्हणून वेग वाढवताना दुपटीच्या जवळ भासते. शिवाय ते स्प्रिंगच्या खाली असते. खड्ड्यात चाक आपटल्यावर शॉक ॲब्सॉर्बरला त्याला आवरताना नाकी नऊ येतात.

ब्रेक आणि ओला घाट

ब्रेकची डिस्क तीच, पॅड तेच, चाक मात्र मोठे. म्हणजे पेडल तेवढेच दाबले तर जमिनीवरचा रोखणारा जोर ५ टक्के कमी मिळतो. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला तर एबीएस लागू होते आणि मर्यादा ब्रेकची न राहता टायरच्या पकडीची होते. चिंता करायची ती तिथे. मड-टेरेन टायरच्या नक्षीत मोठे ठोकळे असतात आणि ओल्या डांबराला चिकटून राहण्यासाठी लागणाऱ्या बारीक चिरा कमी असतात. माळशेज किंवा आंबा घाटात जुलैच्या पावसात मूळ टायरवर जिथे गाडी थांबली असती, तिथे ती थोडी पुढे जाऊन थांबते. गाडी वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर आणि चार-दोन दिवस चिखलात जात असेल, तर हा सौदा तोट्याचा आहे, असेच म्हणावे लागेल.

काय घासते, काय तुटते?

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला किंवा चासीला घासू लागतो. मग बाहेर येणारी रिम किंवा स्पेसर लावला जातो. त्याने घासणे थांबते, पण चाकाचा मध्य मूळ जागेपासून बाहेर सरकतो. बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉडवर तरफेसारखा जादा ताण येतो, स्टिअरिंग खड्ड्यागणिक हातात धक्के देते. मडगार्डच्या बाहेर आलेले चाक मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर खडी उडवते ते वेगळेच. स्पेसरने भागले नाही तर लिफ्ट किट येते, गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात. मोठे चाक दोन दगडांत अडकले, स्टिअरिंग पूर्ण वळलेले आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, हा सीव्ही जॉइंट तुटण्याचा हमखास क्षण.

सगळ्यांत दुर्लक्षित राहते ती स्टेपनी. थार आणि जिम्नीत ती मागच्या दारावर टांगलेली असते. तिथे जड चाक लटकवले की बिजागरी सैल होतात, दार खडखडू लागते. हे टाळायला काही जण चार टायर मोठे घेतात आणि स्टेपनी जुनीच ठेवतात. पंक्चर झाल्यावर लहान-मोठी चाके एकाच ॲक्सलवर येतात. त्या अवस्थेत कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावला तर पुढचे-मागचे ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात आणि ट्रान्सफर केसची वाट लागते.

परदेशात कंपन्याच ३५ इंची टायर देतात, त्याचे काय?

हा युक्तिवाद हमखास होतो, म्हणून त्या कंपन्या काय करतात ते पाहू. जीप रँग्लर रुबिकॉन या गाडीला मुळात २८५/७० आर १७, म्हणजे आपली ‘तेहतिशी’च येते. २०२१ मध्ये जीपने तिच्यासाठी ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ नावाचे पॅकेज आणले. टायर झाला ३१५/७० आर १७, म्हणजे सुमारे ३५ इंची. वाढ ५ टक्के, थारच्या उदाहरणाएवढीच. तेवढ्यासाठी कंपनीने ॲक्सलचे गुणोत्तर ४.१० वरून ४.५६ केले, म्हणजे गिअरिंग ११ टक्क्यांनी खाली आणले. सस्पेन्शन दीड इंच उचलले. मागच्या दाराच्या बिजागरी मजबूत केल्या. फोर्ड ब्रॉन्कोच्या ३५ इंची ‘सॅस्क्वॉच’ पॅकेजमध्येही ४.७ चे गुणोत्तर, वेगळे शॉक ॲब्सॉर्बर आणि रुंद मडगार्ड येतात. आपल्याकडे बहुतेक वेळा या यादीतला फक्त टायर येतो.

अवाढव्य टायरचे खरे माहेरघर आइसलँड. तिथल्या हिमनद्यांवर ३८ इंची आणि त्याहून मोठ्या टायरमध्ये अवघी २-३ पीएसआय हवा ठेवून गाड्या बर्फावर तरंगत नेल्या जातात. ‘आर्क्टिक ट्रक्स’ या तिथल्या कंपनीने बदललेली टोयोटा हायलक्स २००७ मध्ये ‘टॉप गिअर’ कार्यक्रमासाठी चुंबकीय उत्तर ध्रुवापर्यंत गेली होती, ती अशाच ३८ इंची टायरवर. जवळचे उदाहरण म्हणजे २०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात होणारी ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’. त्या स्पर्धेतले टायरही राक्षसी असतात. पण त्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या, डिफरन्शियल लॉक आणि विंचने सज्ज, आणि अनेक तर ट्रेलरवरून आणलेल्या असतात. सोमवारी सकाळी त्या कुणाला कार्यालयात नेत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. ‘आरसी कार्डवर टायरचा आकार छापलेलाच नाही, मग गुन्हा कसला?’ हा दुकानातला लाडका बचाव इथे लंगडा पडतो, कारण मोजपट्टी उत्पादकाच्या तपशिलाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ ए (४) नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जम्मू-काश्मीरमध्ये मोठ्या टायरसह अनेक बदल केलेल्या एका थारच्या मालकाला न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली होती. नंतर प्रोबेशनवर सोडून गाडी मूळ रूपात आणण्यास सांगितले.

दंडापेक्षा महाग पडू शकतो तो विमा. बदल कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतरच्या दाव्यात सर्वेक्षक त्यावर बोट ठेवू शकतो. गिअरबॉक्स किंवा ॲक्सलच्या वॉरंटीचेही तसेच.

सुरक्षित वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला आकार. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. त्याच आकारात ऑल-टेरेन किंवा मड-टेरेन नक्षीचा टायर मिळाला तर काट्याचे, गिअरचे आणि कायद्याचे प्रश्न जवळपास संपतात. फक्त टायरवरचा लोड इंडेक्स मूळ आकड्यापेक्षा कमी नसावा आणि वेगाचे अक्षर पाहून घ्यावे. अनेक मड-टेरेन टायरवर ‘क्यू’ असते, म्हणजे ताशी कमाल १६० किमी.

मग फुकटचा उपाय कोणता?

हवा. मूळ आकाराच्या टायरमध्ये ३० ऐवजी १८ पीएसआय ठेवून चिखलात उतरलेली गाडी, पूर्ण हवा भरलेल्या ‘तेहतिशी’पेक्षा अनेकदा पुढे जाते. ठसा लांबतो, टायर दगडाभोवती वाकतो, धक्केही कमी बसतात. मऊ वाळूत १५ पर्यंत उतरता येते. त्याखाली मात्र साध्या रिमवर टायर निसटण्याचा धोका असतो, विशेषतः जोरात वळताना. हवा कमी केल्यावर गाडी किंचित बसते, म्हणजे मोठ्या दगडांच्या वाटेवर २१ मिमीची गरज उरतेच.

यासाठी लागते ते एक बऱ्यापैकी प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा कंप्रेसर. कंप्रेसर विसरून चालत नाही, कारण कमी हवेवर डांबरी रस्त्याने ताशी ८० ने परत निघाले तर साइडवॉल तापून टायर फुटू शकतो. वाट संपली की डांबराला लागण्याआधी चारही चाकांत हवा भरायची. लहान कंप्रेसरला अर्धा तास लागतो.